जन्मतारीख १ जून

बाप्तिस्म्याच्या वर्गाला पहिल्या मंगळवारी पास्टरांनी सगळ्यांच्या हातात एकेक कागद दिला. नाव, वडिलांचं नाव, गाव, कामधंदा, जन्मतारीख. आणि सगळ्यात खाली, नव्या जन्माची तारीख.

जन्मतारीख मी न थांबता लिहिली. १ जून. शेजारी बसलेल्यानं माझ्या कागदात डोकावून पाहिलं आणि हसून स्वतःचा कागद माझ्यापुढं धरला. त्याचीही १ जून.

आमच्या वयाच्या लोकांत ही तारीख फार. शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, पोराचा जन्म कधीचा? आई सांगायची, अमक्याचं लग्न झालं त्या साली. गुरुजी बोटांवर वर्षं मोजायचे, पोराला उजव्या हातानं डोक्यावरून डावा कान धरायला लावायचे, आणि शाळा सुरू व्हायच्या बेतानं १ जून टाकून मोकळे व्हायचे. माझी आई अजून सांगते की मी झालो तेव्हा कपाशीची दुसरी वेचणी चालू होती आणि ती दुपारपर्यंत शेतात होती. म्हणजे दिवाळीनंतरचे दिवस. जूनमध्ये आमच्याकडं कपाशी लावतात, वेचत नाहीत. पण आधार कार्डावर, मतदार यादीत, बँकेत, सगळीकडं मी १ जूनचाच आहे.

खालच्या ओळीत काय लिहावं हे काही सुचेना. ती कोरी ठेवून कागद परत दिला.

या वर्गाला मी कसा आलो ते आधी सांगतो, कारण ते काही फार अभिमानाचं नाही. माझा चुलतभाऊ वारला. कितीतरी वर्षांत कुठल्याच चर्चची पायरी तो चढला नव्हता. पुरायचं कुठं, यावर बोलणं सुरू झालं. शेवटी जागा मिळाली, माणसं वाईट नव्हती. पण चर्चच्या वहीत नाव शोधण्यात आणि फोनाफोनीत दीड तास गेला, आणि तो दीड तास भाऊ पिकअपमध्ये बर्फाच्या लादीवर पडून होता. मी फाटकाशी उभा राहून मनात हिशोब करत होतो की वहीत माझंही नाव नाही. आमच्या मंडळीत तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा देत नाहीत, फक्त समर्पण करतात. बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वतःच्या तोंडानं कबूल करून घ्यायचा. माझ्या जाणत्या वयात मी जिनिंगवर कामाला लागलो होतो आणि ते राहूनच गेलं. मेल्यावर कुठं पुरतील या काळजीनं नव्या जन्माच्या वर्गाला आलेला माणूस मी.

तसे आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खान्देशात स्वीडनकडचे मिशनरी आले, त्यांच्या पुढच्या काळात माझे आजोबा मिशनच्या आवारात बैलगाडी हाकायचे. घरी बायबल होतं, नाताळला कागदी चांदणी लागायची, जेवणाआधी प्रार्थना व्हायची. शाळेच्या दाखल्यावर ‘ख्रिस्ती’ लिहिलेलं होतं. एवढ्यावर माझं भागत होतं. जन्मानंच ख्रिस्ती असलेल्याला पुन्हा कसला जन्म?

वर्ग पास्टरांच्या ओसरीवर, मंगळवारी रात्री आठला. आम्ही सहा जण. नर्सिंगला असलेली एक मुलगी, वीटभट्टीवरचे दोघे भाऊ, तळोद्याकडचं एक नवराबायको, आणि मी. त्या नवराबायकोच्या घरात आधी कोणी ख्रिस्ती नव्हतं. पास्टरांनी त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं की तुम्हाला कोणी काही देऊ केलंय का, कोणी दबाव आणलाय का, घरच्यांना ठाऊक आहे का. मग म्हणाले, दोन आठवडे घरी जाऊन विचार करा, वाटलं तर या. ते तिसऱ्या मंगळवारी परत आले. मला असलं काही कोणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं.

पहिला घोळ शब्दाचाच झाला. माझी पिठाची गिरणी आहे. दळणाला आलेल्या एका काकांना मी कुठं जातो ते सांगितलं, तर ते म्हणाले, ‘नवा जन्म म्हणजे पुढच्या जन्मी काय होशील ते शिकवतात का?’ मी म्हटलं, नाही, याच जन्मात. ‘मग तो जन्म कसा?’ म्हणाले आणि पिठाचा डबा सायकलला बांधून निघून गेले. खरं तर हाच प्रश्न निकदेमानं विचारला होता.

निकदेम म्हणजे परूशी, यहुद्यांचा मोठा माणूस, शास्त्र शिकलेला. रात्रीच्या वेळी येशूकडं आला, लोकांनी बघू नये म्हणून असावं. येशूनं त्याला सांगितलं, ‘नव्याने जन्मल्यावाचून कोणालाही देवाचे राज्य पाहता येत नाही.’ त्यावर निकदेम म्हणतो, म्हातारा माणूस परत आईच्या पोटात जाणार कसा? योहानाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय. पास्टरांनी सांगितलं की मूळ ग्रीकमध्ये तिथं जो शब्द आहे त्याचे दोन अर्थ होतात, ‘पुन्हा’ आणि ‘वरून’. निकदेमानं ‘पुन्हा’ ऐकलं, येशू ‘वरून’ही म्हणत होता. आणखी एक, वारा आणि आत्मा या दोन्हींना तिथं एकच शब्द. वारा पाहिजे तिकडं वाहतो, आवाज ऐकू येतो, पण कुठून आला नि कुठं चालला ते कळत नाही. आत्म्यापासून जन्मलेल्याचं तसंच आहे.

मला हे तेव्हा फारसं शिवलं नाही. माझा कान बाजारातला. मला अडकवलं ते ‘तारण’ या शब्दानं.

बाजार समितीत शेतमाल तारण योजना असते. तूर, हरभरा गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज उचलायचं, सहा महिन्यांत भाव चढला की माल सोडवून विकायचा. तारण म्हणजे गहाण, हेच मला पहिल्यापासून माहीत. चर्चमधलं तारण म्हणजे बुडत्याला पैलतीरी नेणं, तारून नेणं. पण गंमत अशी की मराठी बायबलात पुढं पुढं बाजारच दिसायला लागला. इफिसकरांच्या पत्रात पवित्र आत्म्याला ‘विसार’ म्हटलंय; आम्ही व्यवहार पक्का करायला देतो तोच विसार. मार्काच्या शुभवर्तमानात येशू आपला जीव ‘खंडणी’ म्हणून द्यायला आला असं आहे. मला बरं वाटलं. म्हटलं, ही आपल्या ओळखीची पेठ आहे. इकडं पुण्य, तिकडं पाप, मध्ये काटा.

आता माझा जुना धंदा सांगायला हवा. गिरणीच्या आधी नऊ-दहा हंगाम मी मापाडी होतो, एका शेठच्या खेडा खरेदीवर. गाडी घेऊन शहाद्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर जायचं, तिथंच कापूस तोलायचा, तिथंच रोकडा द्यायचा. तीन बल्ल्यांची तिकटी उभी करायची, तिला दांडीचा काटा टांगायचा. एका पारड्यात वीस किलोचं वजन, दुसरीकडं कापसाचं गाठोडं. मोजणीत पहिल्या तोलाला ‘एक’ म्हणत नाहीत. ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. पहिल्याच आकड्याला लक्ष्मीचं नाव.

क्विंटलमागं कट्टी, म्हणजे वजनातली ठरलेली कपात, तर उघडच कापली जायची, ती सगळ्यांना ठाऊक. माझी करामत वेगळी होती. गाठोडं जमिनीपासून वीतभर वर लोंबकळतं. मी त्याच्याजवळ उकिडवा बसायचो आणि दांडी स्थिर व्हायच्या क्षणी डाव्या गुडघ्याचा अगदी हलका टेकू खालून द्यायचो. अर्धा किलो जायचा. काट्याचा पासंग कोणी तपासला असता तरी काही सापडलं नसतं, काटा खराच होता. आणि समोरच्यानं गुडघ्याकडं बघू नये म्हणून मी त्याच क्षणी काहीतरी बोलून त्याला हसवायचो. शेठ म्हणायचे, तू गेलास की पाड्यावरची माणसं खूश असतात.

तो माल माझ्या घरी कधी आला नाही. शेठच्या गोदामात गेला. मला रोज मिळायचा, दिवाळीला शर्टपॅन्टचं कापड आणि वर पाचशे रुपये. त्यामुळं मी स्वतःला चोर कधी म्हटलंच नाही. चोर शेठ.

चौथ्या मंगळवारी लाइट गेली होती. नर्सिंगची मुलगी मोबाइलच्या उजेडात मार्काचा आठवा अध्याय वाचत होती. ‘मनुष्याने सर्व जग मिळवले आणि आपल्या जिवाचा नाश करून घेतला, तर त्याला काय लाभ?’

हे वचन मी लहानपणापासून शंभरदा ऐकलंय. आमच्या जुन्या घरात ते कॅलेंडरवर छापलेलं होतं. पण त्या रात्री ती ‘काय लाभ’ म्हणाली आणि माझ्या तोंडून आपोआप ‘दोन’ निघालं. मोठ्यानं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खोकल्याचं निमित्त केलं. पुढं प्रार्थनेला सगळे गुडघ्यांवर आले. मीही आलो, आणि डावा गुडघा फरशीला टेकला तसं मला तिथं गाठोड्याचा भार जाणवला. खरंच जाणवला. कापूस मऊ असतो पण वीस किलोचा कापूस मऊ लागत नाही. प्रार्थना संपली, सगळे उठले, मी थोडा उशिरा उठलो.

घरी जाऊन वही काढली. कोणाचे किती तोल, आठवेल तसं लिहायला लागलो. माझ्या डोक्यात लगेच दुसरा काटा उभा राहिला: इकडं एवढा कापूस, तिकडं टाकायला काय आहे? गेल्या वर्षी गिरणीत दोन विधवा बायांचं दळण फुकट केलं, ते. आईची सेवा. चर्चच्या पत्र्यांना दिलेले पाचशे. मांडून पाहिलं तर पासंगालाही पुरेना.

पुढच्या मंगळवारी हे पास्टरांना एकट्यात सांगितलं, तर ते म्हणाले, ‘तू अजून तोलतोयसच.’ मग इफिसकरांच्या दुसऱ्या अध्यायातलं वचन काढलं. कृपेनं, विश्वासाच्या द्वारे तारण झालेलं आहे, ते तुमच्या हातून झालं असं नाही, ते देवाचं दान आहे. कोणी बढाई मारू नये म्हणून ते कर्मांनी झालेलं नाही. ‘दान तोलून घेतात का रे?’ म्हणाले.

मला ते पटलं नाही. खरं सांगतो, राग आला. दाखला म्हणून पास्टरांनी येशूच्या शेजारी क्रुसावर टांगलेला चोर सांगितला. मरता मरता तो म्हणाला, माझी आठवण ठेवा, आणि त्याला त्याच दिवशी सुखलोक मिळाला. त्यानं कोणाचं काय परत केलं? ज्यांना लुटलं त्या बिचाऱ्यांचं काय? दहा हंगाम ज्यांच्या गाठोड्याला मी टेकू दिला त्यांना जर कोणी सांगितलं की त्या मापाड्याला फुकटात माफी मिळाली, तर ते काय म्हणतील? पास्टर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, त्या चोराचे हात खिळलेले होते. तुझे मोकळे आहेत.

आणि जक्कय सांगितला. जक्कय जकातदारांचा मुख्य, ठेंगणा, गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबरावर चढला. येशूनं वर बघून हाक मारली की खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. तेव्हा जक्कय म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाचं अन्यायानं घेतलं असेल ते चौपट परत करतो. पास्टरांनी मला क्रम बघायला लावला. आधी पाहुणा घरी यायचं ठरलं, मग पैसे निघाले. पैसे बघून येशू घरी आला नाही. नियमशास्त्रात म्हणे, चूक स्वतः कबूल केली तर मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढंच द्यायचं होतं, बायबलातल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे. जक्कय चौपट म्हणाला. ज्याला हिशोब चुकता करायचा असतो तो चौपट म्हणत नाही, पाचवा हिस्साच म्हणतो. हे मला कळलं. चौपट काढायची माझी ऐपत नव्हती हेही कळलं.

सहाव्या आठवड्यात साक्षी झाल्या. साक्ष म्हणजे आपण प्रभूकडं कसे आलो ते मंडळीपुढं उभं राहून सांगायचं. नर्सिंगच्या मुलीनं दिवस सांगितला, तारीख सांगितली, होस्टेलची खोली नंबरसकट सांगितली. आमच्याकडं अशी साक्ष फार आवडते. पास्टरांनीही मेथडिस्ट पंथ ज्यांच्यापासून सुरू झाला त्या जॉन वेस्लीचं उदाहरण दिलं होतं: २४ मे १७३८, लंडनमधली एक सभा, रोमकरांस पत्राची लूथरनं लिहिलेली प्रस्तावना कोणीतरी वाचत होतं, रात्री पावणेनऊच्या सुमारास त्यांचं अंतःकरण ऊबदार झालं. पावणेनऊ! घड्याळ लावून जन्मलेला माणूस. पण पंडिता रमाबाईंचं त्यांनीच सांगितलं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला, आणि पुढं स्वतःच म्हणाल्या की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. तो मिळायला आणखी आठेक वर्षं गेली. ज्यांनी सगळं बायबल मराठीत आणलं त्या बाईंचं हे. माझ्या ओळखीचा एक कॅथलिक वीजतंत्री आहे, त्याला हे सगळं विचित्र वाटतं. त्याच्या मते बाप्तिस्म्याच्या पाण्यातच नवा जन्म होतो, आणि त्याचा तो दोन महिन्यांचा असताना झाला. वहीत तारीख आहे, विषय मिटला. मला त्याचा हेवा वाटला.

मग वडीलमंडळापुढं मुलाखत. तिघं जण: एक निवृत्त शिक्षक, एक ट्रॅक्टरवाले, आणि मिशनच्या दवाखान्यात जन्मभर बाळंतपणं केलेल्या सिस्टर. ऐंशीच्या पुढच्या. त्यांना सगळं गाव सिस्टरच म्हणतं. शिक्षकांनी माझा कागद काढला आणि कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं. ‘ही तारीख?’

म्हटलं, सर, मला नाही सांगता येत.

‘अंदाजे?’

मी गप्प. ते कागद बाजूला ठेवणार तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, ‘तारीख आम्ही बाळंतपणानंतर लिहायचो. आधी बघायचो पोर रडतंय का.’ मग माझ्याकडं वळून, ‘तू रडलास का रे?’

मी म्हटलं, नाही. मग कापसाचं सांगितलं. गुडघ्याचंसुद्धा. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ट्रॅक्टरवाल्यांनी एकदम मान खाली घातली. त्यांची कपाशी आहे. सिस्टरनी एवढंच विचारलं, ‘परत केलंस का?’

त्याच आठवड्यात मी मोटारसायकल काढली. वहीत अकरा नावं होती. पहिलं नाव एका पावरा बाबांचं, कारण त्यांचाच हिशोब मला पक्का आठवत होता. पाच हंगाम, दर हंगामाला चारेक क्विंटल. क्विंटलला पाच तोल, तोलाला अर्धा किलो. पन्नास किलो कापूस. तेव्हाचा भाव क्विंटलला चार हजार धरला तर दोन हजार रुपये. वर पाचवा हिस्सा, चारशे. चोवीसशे रुपये पाकिटात घालून नेले.

बाबा अंगणात खाटेवर होते. नजर मंद झालीय, पण आवाजावरून ओळखलं. त्यांची बोली पावरी, माझ्याशी ते पहिल्यापासून तोडक्या अहिराणीत बोलायचे. ‘बठ,’ म्हणाले. सुनेनं पाणी आणलं. मी वाटेत घोकून ठेवलेलं सगळं विसरलो आणि सरळ सांगितलं की तुमचा कापूस मी कमी तोलला, गुडघा लावायचो, हे पैसे.

बाबा जराही दचकले नाहीत. ‘आमले ठाऊक व्हतं,’ म्हणाले. ‘समदाच तसं करतस. तू निदान हसीसन बोले.’

यावर मी काय बोलणार? जे हसणं त्यांची नजर हटवायला होतं तेच त्यांनी एवढी वर्षं माझ्या नावावर जमेला धरलं होतं.

मग त्यांनी पैसे सुनेकडून मोजून घेतले आणि विचारलं, ‘आते भाव काय शे?’ म्हटलं, सात हजाराच्या घरात. ‘मंग आतेनाच भाव लाव.’ पन्नास किलोचे पस्तीसशे झाले. माझ्याकडं चोवीसशे आणि पेट्रोलचे पाचशे होते. तेही दिले. सहाशे उधार राहिले. जक्कयानं चौपट दिलं, मी सहाशे बाकी ठेवून निघालो. पेट्रोल काट्यावर होतं, पण परतीची वाट उताराची.

अर्ध्या वाटेत गाडी बाजूला लावली. बांधावर बसलो. शेजारच्या शेतात बाया कापूस वेचत होत्या, त्यातली एक ओरडली, ‘काय झालं, दादा, पेट्रोल संपलं का?’ मी हात हलवून हो म्हटलं. पाच-दहा मिनिटं गेली असतील. सिस्टर विचारत होत्या ते तिथं झालं, एवढं सांगतो.

म्हणून तो दिवस ही माझी तारीख, असं म्हणता आलं असतं. पण मग लाइट गेलेली रात्र कुठं ठेवू? तोंडातून ‘दोन’ निघालं ती? आणि त्याच्याही आधी, पिकअपशेजारचा दीड तास? गिरणीत काटा लावताना गेली काही वर्षं मी दळणाच्या डब्याला हातच लावत नाही, गिऱ्हाइकाला स्वतः ठेवायला सांगतो, हे बायकोनं मला दाखवून दिलं. ‘तुम्ही तसं का करता?’ तिनं विचारलं होतं, तेव्हा मी म्हटलं होतं, सवय. ती सवय कोणत्या साली लागली?

योहानाचं शुभवर्तमान मी त्या दिवसांत पुन्हा वाचलं, फक्त निकदेम शोधत. तिसऱ्या अध्यायात तो रात्री येतो, प्रश्न विचारतो आणि गप्प होतो. त्याचा नवा जन्म झाला की नाही, योहान लिहितच नाही. सातव्या अध्यायात भर सभेत तो येशूच्या बाजूनं एक वाक्य बोलतो, माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय आपलं शास्त्र त्याला दोषी ठरवतं का? आणि एकोणिसाव्यात, येशू मेल्यावर, बाकीचे पांगलेले असताना, तो गंधरस आणि अगरू घेऊन येतो. किती, तर शंभर रोमी रत्तल. पास्टरांना विचारून आजचं वजन काढलं. बत्तीस-तेहेतीस किलो भरतं. माझ्या हातून हजारो गाठोडी गेलीत. बत्तीस किलोचं ओझं लपवून नेता येत नाही. कमरेला, खांद्याला ते दिसतंच. रात्री चोरपावलानं आलेला माणूस एवढं वजन घेऊन सगळ्यांदेखत आला, आणि कोणत्या तारखेला बदलला ते कोणी टिपून ठेवलं नाही.

बाप्तिस्मा जानेवारीत, तापीवर, सारंगखेड्याच्या बॅरेजच्या फुगवट्यात. सकाळचे साडेसात. काठावर कोणाच्या तरी मोटारीचा पाइप पाण्यात सोडलेला, पलीकडं म्हशी. मंडळी भजन म्हणत होती पण थंडीनं सूर कापत होते. पास्टर कमरेएवढ्या पाण्यात उभे. मी उतरलो तर गाळात एक चप्पल रुतली ती रुतलीच, अजून तिथंच असेल. पास्टरांनी विचारलं की येशू ख्रिस्त हाच तुझा तारणारा आहे असा तुझा विश्वास आहे का. हो म्हटलं. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं. एक हात पाठीला, दुसऱ्या हातानं रुमाल नाकावर, आणि गुडघे वाकव म्हणाले.

वाकवले. कानात पाणी गेलं, भजन तुटलं. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात म्हटलंय की बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं. पाण्याखाली होतो तेवढ्यात मला चक्क चुलतभावाची आठवण आली आणि हसू आलं. पुरायची जागा शोधत आलो होतो, इथं तापीनंच पुरून दाखवलं. हसल्यानं नाकातोंडात पाणी गेलं, वर आलो तो खोकतच. काठावर सिस्टर खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना वाटलं मी रडतोय. ‘बरं झालं,’ म्हणाल्या आणि टॉवेल पुढं केला.

आई आली नव्हती, तिला थंडी सोसत नाही. घरी गेल्यावर तिनं डोकं हुंगलं आणि म्हणाली, तापीच्या पाण्याला अजून तसाच वास येतो.

चर्चच्या वहीत नोंद करायची तेव्हा सचिवांनी पुन्हा तोच रकाना काढला. म्हटलं, राहू द्या कोरा. ते म्हणाले, कोरा चालत नाही, ऑडिटला अडतं. हे खोटं होतं, नव्या जन्माचं ऑडिट कोण करतंय, पण ते नीटनेटके गृहस्थ आहेत. मी म्हटलं, मग १ जून टाका. त्यांनी खरंच टाकलं.

अकरापैकी पाच नावांवर रेघ मारून झालीय. एकानं पैसे घेतले नाहीत, शिव्या दिल्या. त्या घेऊन आलो. एकजण वारले, त्यांच्या मुलाला दिले. बाबांचे सहाशे मागच्या बाजाराला पोचते केले, तर त्यांनी सुनेला घरातला नवा कापूस काढायला सांगितला. यंदाचा व्यापारी यायच्या आधी तू एकदा तोलून दे, म्हणाले, म्हणजे आम्हाला आकडा माहीत राहील. गिरणीतला इलेक्ट्रॉनिक काटा आता गाडीला बांधून नेतो. गाठोडं ते स्वतः ठेवतात. मी चार हात लांब उभा राहतो.

उरलेल्या सहांतले तिघे भाऊ ऊसतोडीला गुजरातेत आहेत, घराला कुलूप. शेजारची म्हातारी म्हणाली, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आधी येतील, होळीला इथं नसतील असं होत नाही. तोवर त्यांचे पैसे गिरणीच्या गल्ल्यात वेगळ्या डब्यात ठेवलेत.